टीव्हीवरच्या पट्टीपासून रीलवरच्या नावापर्यंत: टायटलची ‘स्टाइल’ आधीच ठरवून ठेवतात म्हणजे नेमकं काय करतात?

२४ मे २०२२. बीबीसी न्यूज चॅनलवर टेनिसच्या बातम्या सुरू होत्या. तेवढ्यात स्क्रीनच्या तळाशी सरकणाऱ्या पट्टीवर एक ओळ आली, जिचा अर्थ होता: मँचेस्टर युनायटेड भंगार आहेत. त्याच पट्टीवर सगळीकडे पाऊस पडत असल्याची ‘बातमी’ही झळकली. काही वेळाने निवेदिकेने प्रेक्षकांची माफी मागितली आणि खुलासा केला. पडद्यामागे कुणीतरी नवखं पट्टी चालवायला शिकत होतं, सुचेल ते टाइप करत होतं आणि ते चुकून थेट प्रक्षेपणात गेलं.

सोशल मीडियावर त्याचे भरपूर मीम्स झाले. पण या किश्श्यातली एक गोष्ट फारशी कुणी बोललं नाही. ती ओळ दिसायला शंभर टक्के बातमीसारखीच होती. तोच फॉन्ट, तोच रंग, तोच वेग. शिकाऊ माणसाने डिझाइन म्हणून काहीच केलं नव्हतं, फक्त टाइप केलं होतं. बाकी सगळं मशीनमध्ये आधीच ठरलेलं होतं.

या आधीच ठरलेल्या गोष्टीला म्हणतात स्टाइल. प्रीसेट, टेम्पलेट असे शब्दही तुम्ही ऐकले असतील. इन्स्टाग्रामच्या स्टोरीवर अक्षरं टाकताना ‘क्लासिक’, ‘टाइपरायटर’ अशा तयार रूपांतलं एक निवडता, तेव्हा तुम्हीही तेच वापरत असता.

स्टाइलमध्ये असतं काय?

एखादं साधं नाव स्क्रीनवर आणायचं म्हटलं तरी बरेच निर्णय घ्यावे लागतात. फॉन्ट कोणता, किती मोठा, किती जाड. दोन अक्षरांत आणि दोन ओळींत अंतर किती. रंग कोणता, कडेला रेघ हवी का, सावली हवी का, मागे पट्टी हवी का. नाव डावीकडे की मध्ये. ते सरकत येणार की हळूच उमटणार, किती सेकंद थांबणार. हे सगळं एकदा शांतपणे ठरवायचं, त्याला एक नाव द्यायचं (‘पाहुण्याचं नाव’, ‘ठिकाण’, ‘कोट’) आणि पुढच्या वेळी फक्त मजकूर बदलायचा.

स्टाइल आणि टेम्पलेट हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण त्यांत फरक आहे. स्टाइल म्हणजे अक्षरांचं रूप. टेम्पलेट म्हणजे रूप, जागा, हालचाल आणि भरायच्या रिकाम्या जागा असं सगळं मिळून. ॲडोबीने २०१७ मध्ये प्रीमियर प्रोमध्ये ‘मोशन ग्राफिक्स टेम्पलेट’ आणलं ते हेच. डिझायनर एक फाइल बनवून देतो आणि एडिटर तिच्यात नाव-हुद्दा भरतो.

याहून महत्त्वाचा फरक वेगळाच आहे आणि तो कळला नाही की काम वाढतं. काही स्टाइल मोदकाच्या साच्यासारख्या असतात. साच्यातून मोदक निघाला की त्याचा साच्याशी संबंध संपला. उद्या साचा बदलला तरी कालचे मोदक बदलत नाहीत. बहुतेक मोबाइल ॲपमधले प्रीसेट असे असतात. दुसऱ्या प्रकारात टायटल स्टाइलला जोडलेलंच राहतं. प्रीमियर प्रोमध्ये टायटलच्या रूपाला नाव देऊन स्टाइल साठवता येते, आणि एका टायटलमधला बदल त्या स्टाइलमध्ये नेला की तिला जोडलेली सगळी टायटलं बदलतात. वर्डमध्ये हेडिंगची स्टाइल बदलली की सगळी हेडिंग बदलतात, तसंच. चाळीस नावं असलेल्या माहितीपटात शेवटच्या दिवशी कुणी ‘पिवळा जरा कमी करा’ म्हटलं, की यातला कोणता प्रकार वापरलाय त्यावर तुमची रात्र ठरते.

काळा पुठ्ठा, पांढरी अक्षरं

टीव्हीच्या सुरुवातीच्या काळात अक्षरं टाकायचं मशीनच नव्हतं. काळ्या पुठ्ठ्यावर पांढरी अक्षरं लावायची, त्यावर एक कॅमेरा रोखायचा आणि ते चित्र दुसऱ्या कॅमेऱ्याच्या चित्रावर चढवायचं. या चढवण्यावरून ‘सुपर’ हा शब्द आला, तो आजही एडिटिंग रूममध्ये ऐकू येतो.

१९६० च्या दशकाच्या शेवटी आणि १९७० च्या दशकात इलेक्ट्रॉनिक कॅरेक्टर जनरेटर आले. अमेरिकेत सीबीएस लॅबोरेटरीजचं व्हिडिफॉन्ट होतं आणि न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडमधल्या कंपनीचं कायरॉन होतं. कायरॉन इतकं रुळलं की स्क्रीनच्या खालच्या भागात येणाऱ्या नावाच्या पट्टीलाच अमेरिकेत ‘कायरॉन’ म्हणू लागले. आपल्याकडे न्यूजरूममध्ये त्याच पट्टीला ‘ॲस्टन’ किंवा ‘ॲस्टन बँड’ म्हणतात. ॲस्टन ही अशीच मशीन बनवणारी ब्रिटिश कंपनी. म्हणजे डालडा आणि झेरॉक्ससारखाच प्रकार.

पुढे हे स्टुडिओबाहेर आलं. १९९० मध्ये अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातल्या न्यूटेक कंपनीने अमिगा कॉम्प्युटरसाठी ‘व्हिडिओ टोस्टर’ आणला, त्यात टायटल बनवायची सोय होती. त्याच दशकात व्हिडिओनिक्सच्या टायटलमेकरसारख्या छोट्या पेट्या आल्या, ज्या थेट व्हीसीआरला जोडता यायच्या. अशा पेट्यांत तयार स्टाइलला फार महत्त्व होतं, कारण माउसने मनासारखं डिझाइन करायची सोय मर्यादित होती. बटण दाबायचं आणि तयार रूप घ्यायचं. नव्वदच्या दशकातल्या लग्नाच्या कॅसेट घरात असतील तर बघा. बदामातून उमलणारे वधूवर आणि त्यावर सावली पडलेली सोनेरी अक्षरं. प्रत्येक लग्नात तीच, कारण प्रीसेट तेच!

बातमीदार डिझाइन करत नाही, जागा भरतो

आजच्या चॅनलमध्ये बातमी लिहिणारा माणूस आयन्यूज किंवा ईएनपीएससारख्या न्यूजरूम सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. बातमीच्या शेजारीच तो ग्राफिक्सचं टेम्पलेट निवडतो, नाव आणि हुद्दा भरतो. ग्राफिक्स बनवणारी यंत्रणा (बऱ्याच ठिकाणी नॉर्वेतून सुरू झालेल्या व्हिझआरटीची किंवा कायरॉनची) ते टेम्पलेट थेट प्रक्षेपणाच्या क्षणी चित्रात बदलते. ऑपरेटरला तर अनेकदा फक्त पानाचा क्रमांक टाकून एंटर मारायचं असतं.

वेग हा याचा उघड फायदा. दुसरा फायदा म्हणजे रात्री तीनच्या शिफ्टला आलेला माणूसही चॅनलचा चेहरा बिघडवू शकत नाही. पण टेम्पलेटमध्ये फक्त रंग आणि फॉन्ट ठरत नाहीत. संपादकीय निर्णयही त्यात बसलेले असतात आणि ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाहीत.

महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीचा २३ नोव्हेंबर २०२४ चा निकाल आठवा. २८८ जागा, बहुमताला १४५. निकालाचे पॅनेल आधीच बनवून ठेवावे लागतात, कारण मतमोजणी सुरू झाल्यावर आकडे बदलत राहतात आणि डिझाइनला वेळ नसतो. आता त्या पॅनेलमधल्या पक्षाच्या नावाच्या चौकटीचा विचार करा. ‘भाजप’ला तीन अक्षरं पुरतात. पण ‘शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे)’ आणि ‘राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष (शरदचंद्र पवार)’ त्याच चौकटीत कसे बसणार? आणि शिवसेनाही दोन, राष्ट्रवादीही दोन.

काहीतरी तोडावंच लागतं. मग ‘ठाकरे गट’, ‘शिवसेना यूबीटी’, ‘उबाठा’ अशी लेबलं येतात. यातलं प्रत्येक लेबल राजकीयदृष्ट्या वेगळं ऐकू येतं. ‘गट’ म्हटलं की पक्ष लहान वाटतो. ‘उबाठा’ हा शब्द विरोधक कोणत्या सुरात वापरतात ते आपण ऐकलेलं आहे. कोणत्या शिवसेनेला कोणती भगवी छटा द्यायची, हाही तसाच प्रश्न. चौकट किती रुंद ठेवायची हा निर्णय डिझायनर घेतो, आणि पक्षाला काय म्हणायचं हे त्या रुंदीतून ठरून जातं. माझ्या मते अशा टेम्पलेटवर संपादकाची सही असायला हवी. बातमीच्या मथळ्यावर होते तेवढी चर्चा त्यावर व्हायला हवी.

मराठी अक्षरं नेमकी कुठे अडकतात?

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक तयार स्टाइल रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या असतात. ‘जॉन स्मिथ, सीईओ’ लिहिलेलं टेम्पलेट झकास दिसतं म्हणून आपण उतरवून घेतो. मग त्यात ‘कार्यकारी अभियंता, सार्वजनिक बांधकाम विभाग’ टाकतो आणि गडबड होते.

सगळ्यात आधी तुटते ती शिरोरेषा. इंग्रजीत अक्षरांमधलं अंतर वाढवलं की टायटल रुबाबदार दिसतं, त्यामुळे अनेक ‘सिनेमॅटिक’ स्टाइलमध्ये हे अंतर भरपूर ठेवलेलं असतं. देवनागरीत तेच केलं की रेषेचे तुकडे पडतात आणि शब्द सुटी अक्षरं बनून जातो. मराठीसाठी हे अंतर शून्यावर आणा. काही डिझायनर रेषा मुद्दाम तोडतात, पण ते एका मोठ्या शब्दाच्या पोस्टरला शोभतं. तीन सेकंद दिसणाऱ्या नावाला नाही.

मग कडेची रेघ. पिवळी अक्षरं, काळी कड ही यूट्यूबच्या थंबनेलची लाडकी स्टाइल. सॉफ्टवेअर प्रत्येक अक्षराभोवती वेगळी कड काढतं. इंग्रजीत अक्षरं सुटी असल्याने चालून जातं. मराठीत शेजारचं अक्षर चिकटलेलं असतं, त्यामुळे शिरोरेषेवर जागोजागी काळे उभे काप दिसतात. आफ्टर इफेक्ट्समध्ये सगळे रंग सगळ्या कडांच्या वर आणायचा पर्याय आहे. बाकी ठिकाणी जुना उपाय चालतो: त्याच मजकुराची प्रत खाली ठेवा, कड फक्त तिला द्या, वरच्या प्रतीला देऊ नका. किंवा कडच सोडा आणि मागे गडद पट्टी द्या. वाचायला तीच बरी.

ओळींमधलं अंतर हा तिसरा घोळ. इंग्रजी कॅपिटल अक्षरांना वर-खाली काही नसतं, म्हणून दोन ओळी एकमेकींना खेटून ठेवता येतात. आपल्याकडे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळतो. काही ॲपमध्ये तर मजकुराच्या चौकटीबाहेर गेलेली मात्रा कापलीच जाते. ‘मोर्चा’चा रफार गेला की ‘मोचा’ उरतो आणि बातमी थेट कॉफीच्या दुकानात जाते.

हालचालीचंही तेच. एकेक अक्षर उमटवणारा टाइपरायटर इफेक्ट मराठीला लावला की आधी ‘क’ येतो, मग वेलांटी उडी मारून त्याच्या आधी बसते. जोडाक्षराचा अर्धा भाग पाय मोडलेला दिसतो आणि मग जुळतो. सेटिंगमध्ये अक्षराऐवजी शब्द हे एकक निवडलं तर हा त्रास मिटतो. कॅपिटल अक्षरांची सेटिंग मराठीवर कामच करत नाही, त्यामुळे ज्या स्टाइलचा सगळा जोर कॅपिटलवर आहे ती मराठीत पोकळ वाटते. तिथे जाडी किंवा रंगाने जोर द्यावा लागतो.

अक्षरंच चुकीची जुळत असतील, वेलांटी अक्षराच्या मागे जात असेल, तर दोष स्टाइलचा नाही. प्रीमियरच्या अनेक आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सच्या खाली टेक्स्ट इंजिन निवडावं लागतं. तिथे ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ हवं. दुसरी शक्यता जुन्या फॉन्टची. श्रीलिपी, आकृती यांच्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असायचे. अशा मजकुराला युनिकोड फॉन्टची स्टाइल लावली की स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. स्टाइल लावली म्हणजे मजकूर बदलत नाही, फक्त त्याचं रूप बदलतं, हे इथे चांगलंच कळतं.

फॉन्ट निवडताना मराठीची खास अक्षरं तपासा. ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी रिकामी चौकट येऊ शकते. मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बलू, गुगलचा नोटो सॅन्स देवनागरी हे मोफत मिळतात आणि अनेक जाड्यांमध्ये आहेत. नवीन स्टाइल साठवण्याआधी तिच्यात हे शब्द टाकून बघा: कुऱ्हाड, दऱ्या, स्त्रीरोगतज्ज्ञ, वैशिष्ट्यपूर्ण, र्‍हस्व, ॲड., मूर्ती, हृदय. यात काही तुटलं नाही तर ती स्टाइल बहुतेक नावं झेलेल. आणि लांबी तपासायला ‘नाव’ असं न लिहिता तुमच्या ओळखीतलं सगळ्यात लांबलचक नाव पूर्ण हुद्द्यासकट टाका.

मोबाइलच्या उभ्या स्क्रीनवर

जुने टीव्ही चित्राच्या कडा कापायचे. म्हणून मजकूर मधल्या ८० टक्के भागातच ठेवायचा असा दंडक होता. नवे टीव्ही कमी कापतात, म्हणून आताच्या मानकात तो भाग ९० टक्के आहे. १९२० बाय १०८० च्या चित्रात याचा अर्थ डावी-उजवीकडे ९६ आणि वर-खाली ५४ पिक्सेल मोकळे सोडायचे.

रीलमध्ये कड कापली जात नाही, झाकली जाते. खाली अकाउंटचं नाव आणि कॅप्शन, उजवीकडे लाइक-शेअरची बटणं. मेटा आपल्या जाहिरातदारांना रीलसाठी सांगते की वरचे साधारण १४ टक्के, खालचे ३५ टक्के आणि दोन्ही बाजूंचे ६ टक्के मोकळे ठेवा. १०८० बाय १९२० च्या चित्रात मग अक्षरांसाठी उरतात साधारण ९५० बाय ९८० पिक्सेल. म्हणजे टीव्हीची ‘खालची पट्टी’ ही कल्पनाच रीलवर चुकीची आहे, कारण ती नेमकी कॅप्शनखाली जाते. तरी चॅनलचे आडवे व्हिडिओ उभे कापून टाकले जातात आणि ज्याचं नाव वाचायचं त्याच्यावर ‘मोअर’ लिहिलेलं दिसतं. उभ्या व्हिडिओसाठी वेगळी स्टाइल करा, आडवीच ओढून ताणून लहान करू नका.

रंगांसाठी एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. वेबवरच्या मजकुरासाठीचे जागतिक निकष सांगतात की अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं प्रमाण किमान ४.५ ला १ हवं, मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतं. हे मोजणारी मोफत साधनं नेटवर आहेत. व्हिडिओची पार्श्वभूमी सतत बदलते, म्हणून पट्टीशिवायची नुसती पांढरी अक्षरं आभाळ आलं की गायब होतात.

हुबेहूब पट्टी, खोटी बातमी

आता परत बीबीसीच्या त्या ओळीकडे. ती चूक होती आणि चॅनलने लगेच सांगितलं. पण हेच कुणी ठरवून केलं तर?

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या खोट्या बातम्यांचा एक मोठा प्रकार म्हणजे चॅनलच्या लोगोसह, लाल पट्टीसह बनवलेलं ‘ब्रेकिंग’ ग्राफिक. नेत्याचा फोटो आणि त्याने कधीच न केलेलं विधान. शाळांना सुट्टी, परीक्षा पुढे ढकलली, अमुक योजनेचे पैसे बंद. पीआयबी फॅक्ट चेक आणि इतर पडताळणी करणारे गट अशी ग्राफिक्स वारंवार खोटी ठरवतात. ती फसवतात, कारण आपण वर्षानुवर्षं एका रूपावर विश्वास ठेवायला शिकलोय. ते रूप बनवायला कधीकाळी लाखोंचं मशीन लागायचं. आता ‘ब्रेकिंग न्यूज टेम्पलेट’ शोधलं तर दोन मिनिटांत मोफत मिळतं.

कधीकधी खोट्याची शिवण दिसते. चॅनल नेहमी वापरतं तो फॉन्ट नसतो. वरची ओळ एका फॉन्टमध्ये आणि बदललेली ओळ दुसऱ्यात असते. शिरोरेषा मध्येच तुटते किंवा जाडी बदलते, कारण मूळ शब्द पुसून तिथे नवा चिकटवलेला असतो. तारीख आणि वेळ नसते. नुक्त्याची किंवा ऱ्हस्व-दीर्घाची चूक मात्र पुरावा मानू नका. खऱ्या चॅनलच्या पट्ट्यांवर त्या दररोज असतात!

उलट बाजू जास्त महत्त्वाची आहे. फॉन्ट जुळला, रंग जुळला, लोगो जागेवर आहे, म्हणून बातमी खरी ठरत नाही. रूप जुळवणं हे आता सगळ्यात सोपं काम झालंय. असं ग्राफिक आलं की त्या चॅनलच्या अधिकृत हँडलवर किंवा वेबसाइटवर जाऊन तीच बातमी त्याच तारखेला आहे का ते बघा. तिथे नसेल आणि दुसऱ्या कुठल्याही वृत्तसंस्थेकडेही नसेल, तर पुढे पाठवू नका. केंद्र सरकारच्या योजनेबद्दल किंवा आदेशाबद्दल असेल तर पीआयबी फॅक्ट चेकच्या हँडलवर शोधा, त्यांना स्क्रीनशॉट पाठवून विचारताही येतं.